‘वाचलेलं डोक्यात राहत नाही’: सीए करणाऱ्या एका मुलाच्या पत्राला उत्तर

प्रश्न: मी इचलकरंजीचा, वय २१. बी.कॉम. झालंय. सीए इंटरचा, म्हणजे सीएच्या मधल्या परीक्षेचा, दोनपैकी पहिला ग्रुप दोनदा राहिला. कॉलेजपासून कंबर दुखते, गेल्या वर्षी अँकायलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे कणा आखडत जाणारा संधिवात, असल्याचं निदान झालं. रोज पेनकिलर आणि रात्री प्रीगॅबालिनची (नसांच्या दुखण्यावरची) एक गोळी चालू आहे. दहावी-बारावीत माझं पाठांतर वर्गात सगळ्यांच्या पुढे होतं. आता कंपनी कायद्याचं एक पान चार-चार वेळा वाचतो, पुस्तक मिटलं की सगळं कोरं. गणितात वरची आकडेमोड खाली उतरवेपर्यंत विसरतो. बाबा म्हणतात, मोबाइल ठेव आणि पहाटे चारला उठ. आईने कोल्हापुरातल्या स्मरणशक्तीच्या क्लासची चौकशी केलीय. मित्र म्हणतात, सीए सोड, बँकेच्या परीक्षा दे. माझं डोकंच कमी झालंय का? काय करू?

उत्तर:

आधी सरळ सांगते. डोकं कमी झालेलं नाही. क्लास लावू नकोस, सीए आत्ताच सोडू नकोस, आणि पहाटे चारला उठणं उद्यापासून बंद कर.

पहाटेचं आधी बोलू, कारण त्यावरून घरात वाद होणार. आपल्याकडे पहाटेच्या अभ्यासाला फार मान आहे, आणि ज्याला सोसतं त्याने जरूर करावा. पण तुझ्या आजाराची चाल उलटी आहे. यात रात्रीच्या उत्तरार्धात दुखण्याने जाग येते, सकाळी पाठ लाकडासारखी ताठते आणि अर्धा-पाऊण तास, कधी जास्तही, सुटत नाही. पडून राहिलं, बसून राहिलं की वाढतं. हालचाल केली, गरम पाण्याने अंघोळ केली की उतरतं. म्हणजे चारला उठून खुर्चीत बसणं हे तुझ्यासाठी दिवसातल्या सगळ्यात वाईट वेळी सगळ्यात वाईट आसन. वर झोपही मोडते, आणि वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. तसंही इंटरचे पेपर दुपारी दोन ते पाच असतात. चारला उठून दुपारी पेंगणाऱ्या मुलाला ती वेळ कशी जाईल?

आता ‘कोरं’ का होतं ते. दहावीची एखादी कविता अजून म्हणता येते का, बघ. येत असेल तर साठवण शाबूत आहे. बिघाड आहे तो वाचलेलं आत शिरण्याच्या वाटेवर. आकडा क्षणभर धरून ठेवायचा, त्यावर काम करायचं, पुढे जायचं, यासाठी मेंदूकडे जी जागा असते ती मुळात छोटी. आणि वेदनेचं काम धोका कळवण्याचं, त्यामुळे ती रांगेत थांबत नाही, आधी स्वतःकडे लक्ष ओढून घेते. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट म्हणतात. तुझं तर काही वर्षं चाललंय. तुझ्या गावात हे समजावणं सोपं आहे: चालू यंत्रमागांच्या मधोमध उभं राहून फोनवर कुणाचा पत्ता लिहून घ्यायचा. कान ठीक, फोन ठीक, पत्ता मात्र अर्धाच कागदावर. तिथे कुणी ऐकणाऱ्याला मठ्ठ म्हणत नाही.

म्हणून स्मरणशक्तीच्या क्लासला माझा विरोध आहे. तिथे याद्या लक्षात ठेवायच्या युक्त्या शिकवतात. तुझी अडचण युक्तीची नाही. तेच पैसे चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे घाल. बदाम खा, चवीला उत्तम असतात.

पहिलं काम तुझ्या संधिवाततज्ज्ञांकडे, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे. बहुतेक मुलं आत जाऊन ‘अजून दुखतंय’ एवढंच सांगतात, आणि डॉक्टर कंबर तपासून गोळ्या लिहून देतात. तू असं सांग: ‘एक पान चार वेळा वाचावं लागतं, रात्री अमुक वाजता जाग येते, सकाळी अमुक वाजेपर्यंत डोकं जड असतं.’ दोन आठवडे हे वहीत लिही आणि वही घेऊन जा. प्रीगॅबालिनने काहींना गुंगी येते, लक्ष विस्कळीत होतं. गॅबापेन्टिन, अमिट्रिप्टिलीन, ट्रॅमाडॉल या दुखण्यावरच्या इतर औषधांचंही तसंच. वेळ किंवा मात्रा बदलता येईल का, विचार. स्वतःहून मात्र एकही गोळी बंद करू नकोस, प्रीगॅबालिन तर अजिबात नाही, ती एकदम सोडल्याने वेगळाच त्रास होतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासलंय का, तेही विचार, कारण यातलं काहीही बिघडलं तरी डोकं असंच जड होतं. आजारच आटोक्यात नसेल तर पुढच्या पायरीची औषधं आहेत, महाग आहेत, पण त्यांच्याबद्दल विचारायला पैसे पडत नाहीत. जाता जाता: या आजारात कधी डोळा लाल होऊन दुखायला लागला, उजेड सोसेना, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. डोळे आले असतील म्हणून घरी थांबायचं नाही.

आणि मन. दोनदा नापास झालेला, रात्री न झोपणारा मुलगा उदास होतो, आणि उदासीनेही लक्ष जातं. कशातच रस वाटेनासा झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांग. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

अभ्यासाची पद्धत आता बदलायला लागेल, आणि इथे तुझं जुनं यशच आड येतंय. दहावीत तू वाचून वाचून पाठ करायचास. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपल्याला येतंय असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग करून दाखवलं, की पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे असतात, आठवड्याने विचारलं तर पुस्तक मिटून आठवून लिहिणारे. तुझ्याकडे शक्ती मोजकी आहे, ती चौथ्या वाचनावर का घालवायची? वीस-पंचवीस मिनिटं वाच, उठ, फेऱ्या मारताना काय वाचलं ते मोठ्याने बोल, मग कोऱ्या कागदावर मुद्दे लिही. जे आलं नाही तेवढंच पुस्तकात बघ. कायद्याची कलमं स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि चालताना ऐक. (मोबाइल पूर्ण बंद करायचा हट्ट बाबांनी सोडावा, त्याचं हे एक कारण.) बसणंच बाधतं तर काही अभ्यास उभ्याने कर. छातीच्या खालपर्यंत येणारं कपाट किंवा स्वयंपाकाचा ओटाही चालतो.

अकाउंट्स आणि टॅक्समध्ये डोक्यात काहीही धरायचं नाही असा नियमच कर. हुशार मुलांना तोंडी आकडेमोडीची खोड असते. प्रत्येक वर्किंग नोटला, म्हणजे उत्तरासोबत मांडलेल्या आकडेमोडीला, नंबर दे, आकडा जिथून उचललास तिथे खूण कर, कॅश फ्लोचा साचा आधी आखून मग आकडे भर. मार्क वर्किंग नोटला मिळतातच. शिवाय मध्येच कळ आली आणि धागा तुटला, तरी कागदावरून परत पकडता येतो.

आणखी एक सापळा असतो. एखाद्या दिवशी बरं वाटतं, मग तू दहा तास बसतोस आणि पुढचे तीन दिवस आडवा. चांगल्या दिवशीही ठरलेल्या वेळेला अभ्यासावरून उठ. वाईट दिवशी शून्य करू नकोस, अर्धा तास आठवून लिहिणं पुरे.

परीक्षेकडे येऊ. एका वेळी एकच ग्रुप. इंटर आता वर्षातून तीनदा, जानेवारी, मे आणि सप्टेंबरला होते, त्यामुळे एखादी खेप सोडली तर वर्ष जात नाही. ग्रुप राहिला तरी एखाद्या पेपरात साठ किंवा जास्त मार्क असतील तर पुढच्या तीन खेपांना त्या पेपरातून सूट मिळते, मात्र ग्रुपचे सगळे पेपर दिलेले असायला हवेत. म्हणून ज्या विषयाला कमी पाठांतर लागतं तो एक साठच्या वर नेण्याचा नेम धर. घरी सराव दुपारी दोनलाच करायचा, तीन तास, परीक्षेच्या दिवशी गोळी जशी घेणार तशीच घेऊन.

सवलतीबद्दल खरं सांगते, मोठी आशा दाखवत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तुझा आजार नावाने नाही. कणा किंवा खुबा जखडला असेल तर चलनवलनाच्या दिव्यांगत्वात तपासणी होऊ शकते. त्यासाठी यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या, पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयात जावं लागतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची सोय चाळीस टक्के दिव्यांगत्व असणाऱ्यांपुरती ठेवता येणार नाही असा निकाल दिला. त्या विकास कुमारला रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता, तुझी केस वेगळी आहे, पण प्रत्येकाची गरज बघून सोय द्यावी हा विचार त्यात आहे. तेव्हा तज्ज्ञांचं पत्र घे आणि परीक्षेचा अर्ज भरतानाच लेखी माग: पाठीला आधार असलेली खुर्ची, मध्ये दोन मिनिटं उभं राहण्याची मुभा, शक्य असेल तर जादा वेळ. नाही म्हणतीलही. पण परीक्षेच्या सकाळी केंद्रावर जाऊन मागितलं तर नक्कीच नाही म्हणतील.

मित्रांचा बँकेचा सल्ला प्रेमापोटी असेल, पण घाईचा आहे. लिपिकाच्या पूर्वपरीक्षेत साठ मिनिटांत शंभर प्रश्न असतात. सीएपेक्षा अभ्यासक्रम कमी, मान्य, पण ती वेगाची परीक्षा आहे, आणि जुनाट दुखण्यात आधी मंदावतो तो वेगच. तुला एखादे वेळी सीएचा लांब, कागदावर उलगडत जाणारा पेपर जास्त सोसेल.

आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण, दोन वर्षांची, ती दोन्ही ग्रुप सुटल्यावर. तेव्हा मोठ्या नावाच्या ऑडिट फर्मसाठी पुण्या-मुंबईचा हट्ट नको. मार्च अखेरनंतरचं बँक शाखांचं ऑडिट, एसटीचे हादरे, रात्री उशिरापर्यंत बैठक, यात तुझी पाठ आणि पुढची परीक्षा दोन्ही जातील. इचलकरंजीत कापड धंद्याचं जीएसटी आणि आयकराचं काम भरपूर आहे. घराजवळची फर्म बघ आणि आजार पहिल्याच भेटीत सांग: ‘दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं उठतो, काम अडत नाही.’ ज्यांना एवढं चालत नाही त्यांच्याकडे दोन वर्षं काढायची नाहीत.

सीए सोडायचं का, याचा निर्णय नवीन उपचार आणि ही पद्धत सहा महिने नीट चालल्यावर घ्यायचा. गेल्या दोन निकालांवरून तो घेऊ नकोस, ते निकाल न झोपलेल्या मुलाचे आहेत. सहा महिन्यांनीही ग्रुप हाताला लागला नाही तर अकाउंट्स आणि जीएसटीच्या नोकरीचं बोलू, त्यातही तुझं शिक्षण वाया जात नाही.

बाबांना हा एक परिच्छेद वाचून दाखव. काका, पायाला प्लास्टर असतं तर तुम्ही याला पहाटे उठवलं नसतं. याचं दुखणं दिसत नाही एवढाच फरक. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे तुम्ही सोबत जा, आणि लक्ष का लागत नाही हा प्रश्न त्यांना तुम्हीच विचारा.