पिवळ्या टोपीचा विणकर

प्रिय,

तुझं पत्र येऊन 12 दिवस झाले. उशीर झाला, कारण आधीची दोन उत्तरं फाडून टाकली. एकात फार गोड बोललो होतो, दुसऱ्यात फार चिडलो होतो. या तिसऱ्यात दोन्ही सापडेल, चालवून घे.

आठ पानांचं पत्र. मी मोजले: 14 लेखक, 6 तत्त्ववेत्ते, 2 शास्त्रज्ञ. प्रश्न तीन. एम.एस्सी. अर्धवट सोडून तत्त्वज्ञानाला जावं का, कविता खरी की समीकरण खरं, आणि इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला बसून मिळवलेली शांतता होस्टेलवर चौथ्याच दिवशी कुठे गेली. पण आठ पानांत तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एकही गोष्ट नाही. तुझ्या खोलीला खिडकी आहे की नाही, एवढंसुद्धा मला कळलं नाही. कोण काय म्हणालं ते सगळं कळलं.

तू हुशार आहेस वगैरे लिहीत बसत नाही. ते तुला ठाऊक आहे, आणि तुझं अडलंय ते त्यामुळे नाही. तुझं अडलंय कारण तू आधी बघत नाहीस. आधी नाव शोधतेस.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतो, ते आता सांगतो.

तालुक्याच्या गावी मी 31 वर्षं मराठी शिकवलं. त्यातली पहिली 19 वर्षं दर पावसाळ्यात बहिणाबाईंचा खोपा शिकवला. सुगरणीने पिलांसाठी झाडाला टांगलेला झोका, आईची माया, कष्ट, एवढीशी चोच आणि माणसाला दिलेले दोन हात. माझ्या नोट्स झेरॉक्स होऊन शेजारच्या कॉलेजात जायच्या, याचा अभिमान होता. एका जुलैत शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. घरची भातशेती असलेला. म्हणाला, "सर, खोपा ती नाही विणत. तो विणतो. पिवळ्या टोपीचा."

वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "आपण कविता शिकतोय, पक्षिशास्त्र नाही. बस खाली."

तो बसला. पुढच्या वर्षी तो कॉलेजात नव्हता. माझ्यामुळेच गेला असेल असं नाही, घरी शेतीला माणूस हवा असेल. पण ते "बस खाली" माझ्या कानात अजून आहे.

आता यातली लाज ऐक. कॉलेजच्या मागे विहीर होती आणि विहिरीवर झुकलेली शिंदी. त्या शिंदीला दर पावसाळ्यात तीस-चाळीस खोपे लटकायचे. स्टाफरूमच्या खिडकीतून दिसायचे. 19 वर्षं मी त्या खिडकीकडे पाठ करून चहा पीत नोट्स सुधारत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन उभा राहिलो. डोक्याला पिवळी टोपी असलेला नर भाताच्या पात्याची कड चोचीत धरून उडत होता आणि पात्याची लांब चिरी सोलून निघत होती. ती गाठ मारून, आतबाहेर ओवून तो विणत होता. साध्या चिमणीसारखी दिसणारी मादी आली की विणणं टाकून पंख फडफडवत लटकायचा. ती आत डोकावायची आणि बहुतेक वेळा निघून जायची. मी कॉलेजला दीड तास उशिरा पोचलो.

हे सगळं पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींनी फार आधी लिहून ठेवलंय, हे मला नंतर कळलं. बर्लिनला श्ट्रेझमान या पक्षितज्ज्ञाच्या हाताखाली शिकून ते 1930 मध्ये परत आले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशांअभावी रद्द झाली होती. नोकरी नाही. म्हणून बायकोसह अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे जवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. त्यांनी शिडीवर आडोसा बांधला आणि पावसाळाभर त्यात बसून पाहिलं. नर अर्धवट घरटं, उलट्या टांगलेल्या टोपीसारखं, विणून ठेवतो. माद्या येऊन पारखतात. एखादीला पसंत पडलं की ती ताबा घेते, मग तो ते पुरं करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरं विणायला घेतो, दुसरीसाठी. 1931 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये हे छापून आलं. शेकडो वर्षं हे खोपे आपल्या विहिरींवर लटकत होते, आणि आपल्या भाषेने त्या पाखराचं नावच बाईचं ठेवलं. सुगरण! नाव ठेवलं की बघायचं काम संपलं.

मग बहिणाबाई चुकल्या का? हाच तुझा दुसरा प्रश्न आहे, कविता खरी की समीकरण. त्यांनी नर ओळखला नाही. पण चोच पाहिली. तेच दात, तेच ओठ, एवढ्याशा चोचीत सगळी हत्यारं, हे घरात बसून सुचत नाही, शेतात उभं राहून दिसतं. आणि पिलांचं म्हणशील तर अंडी उबवणारी आईच असते. बहिणाबाईंनी अर्धं पाहिलं, सलीम अलींनी उरलेलं पाहिलं, मी काहीच न बघता दोघांच्या मध्ये उभा राहून मार्क वाटत होतो. म्हणून तुझा तो प्रश्न मला खोटा वाटतो. भांडण कविता आणि विज्ञानाचं नाहीच. बघणारे एकीकडे, न बघणारे दुसरीकडे. आणि पीएच.डी. दोन्हीकडे मिळते.

तुझ्या यादीत अ‍ॅरिस्टॉटल चार वेळा आलाय. त्याने लिहिलंय की पुरुषांना बायकांपेक्षा दात जास्त असतात. घरात बायको होती, तोंड उघडायला सांगून मोजता आले असते. पण याच माणसाने लेस्बॉस बेटाच्या खाडीत मासे चिरून पाहिले आणि लिहिलं की मुशीच्या जातीच्या एका माशात पिलू आईच्या पोटात नाळेने जोडलेलं असतं. दोन हजारांहून अधिक वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. 1842 मध्ये योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने तपासलं तर म्हातारा बरोबर निघाला. एकच डोकं. जिथे पाहिलं तिथे टिकलं, जिथे नाही पाहिलं तिथे आजतागायत हसं होतंय. तू त्याचं तत्त्वज्ञान वाचतेस. एकदा त्याचे मासेही वाच.

आपल्याकडे तत्त्वज्ञानाला शब्दच 'दर्शन' आहे. विपश्यनेतही तेच, 'पश्य'. आणि तू ज्याला पत्रभर माइंडफुलनेस म्हणतेस तो पालीतला 'सति', म्हणजे संस्कृतातली स्मृती. आठवण. (बघ, मीसुद्धा शब्दांतच रमलो. जन्माची खोड.) पण त्या आठवणीत तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून सांगतो. विहिरीवर उभा असताना माझं मन दहा मिनिटंसुद्धा खोप्यावर राहायचं नाही. महागाई भत्त्याची थकबाकी, प्राचार्यांचा टोमणा, मुलीची फी. मग आठवायचं, अरे, आपण खोपा बघतोय. परत यायचं. सकाळभरात शंभरदा. इगतपुरीला पहिले तीन दिवस तुला नाकाशी येणारा-जाणारा श्वास फक्त बघायला लावला, तेव्हा तू दुसरं काय केलंस? तुझी शांतता हरवली नाही. तू तिला वस्तू समजून होस्टेलवर घेऊन आलीस आणि रोज पेटी उघडून आहे का बघतेस. श्वास बघायचा होता, तू शांतता बघत बसलीस. आणि ते घंटा वाजवणारं अ‍ॅप काढून टाक, माझ्यासाठी.

एम.एस्सी. सोडू की नको, हे मी सांगणार नाही. तू प्रयोगशाळेत काय पाहिलंस ते मला माहीत नाही, कारण ते तू लिहिलंच नाहीस. फक्त 'यांत्रिक' आणि 'अमूर्त' वाटतं एवढंच लिहिलंस. लोलकाचा दोरा हातात धरला होतास ना? तो शेवटी थांबतो तेव्हा कसा थांबतो? हे सांगता आलं नाही तर तत्त्वज्ञानाच्या वर्गातही तू अशीच बसशील, फक्त पुस्तकं जाड असतील.

माझी पीएच.डी. राहिली हे तू ऐकलं असशील. 'विहिरीवरचे सर' म्हणायचे मला. तीन पावसाळे तिथे गेले, मार्गदर्शकांची पत्रं पडून राहिली, पुढे बढतीही गेली. घरी अजून ऐकावं लागतं. माझ्याकडे तीन वह्या आहेत, त्यात छापण्यासारखं एक वाक्य नाही. जे आहे ते सलीम अलींनी मी जन्मायच्या आधी लिहिलंय. तरी त्या वह्या तेवढ्या माझ्या आहेत. नोट्स सगळ्या उसन्या होत्या. तू म्हणशील म्हातारा आळसाला तत्त्वाचा सदरा घालतोय. घालत असेन थोडा. पण तो मुलगा परत भेटला तर त्याच्यासमोर कोणती वही ठेवू शकतो, हे मला पक्कं ठाऊक आहे.

शिंदी गेल्या वर्षी तोडली. विहिरीवर लोखंडी जाळी बसवली. पाखरांनी शेजारच्या विजेच्या तारांवर बस्तान हलवलंय, काही खोपे माझ्या माडाच्या झावळीलाही आहेत. खोप्याच्या आत चिखलाचे गोळे लावलेले असतात. लोक सांगतात त्यात काजवे खोचून ते उजेड करतात. मला एकदाही काजवा दिसलेला नाही, पण माझे डोळे आता उतरलेत आणि शिडीवर चढायला मुलगा मनाई करतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ये. सकाळी साडेसहाला उजेड चांगला असतो. पुस्तकं आणू नकोस, रेनकोट आण. शिडी जुनी आहे, पण खालून मी धरतो.

तुझा,
सर