घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात फ्लॅट माझ्या नावावर करायचा ठरलं होतं. आता पूर्वीचे पती 'सही फसवून घेतली' म्हणतात. हुकूमनामा अमलात कसा आणायचा?

ताई, आधी हे लक्षात घ्या: त्यांनी 'फसवणूक' म्हटलं म्हणून हुकूमनामा (कोर्टाचा निर्णय, डिक्री) थांबत नाही. कोर्टाने स्थगिती दिली तरच थांबतो. मला हे वेळेवर कुणी सांगितलं नाही. आठ महिने मी माझ्या पूर्वीच्या पतीच्या वकिलांच्या नोटिशींना उत्तरं देत बसले.

माझाही घटस्फोट संमतीचाच, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खालचा. संमतीपत्रात त्यांनी फ्लॅट माझ्या नावावर करायचं कबूल केलं आणि नंतर म्हणू लागले, 'हिने दागिने लपवले.' शेवटी मी त्याच कौटुंबिक न्यायालयात दरखास्त (हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज) लावली. दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर २१ रूल ३४ याचसाठी आहे. दस्ताचा मसुदा आपण द्यायचा, कोर्ट तो समोरच्याला पाठवून हरकती मागवतं. तरीही तो सही करत नसेल, तर न्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी सही करतो आणि ती त्याच्याच सहीसारखी धरली जाते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ती सही पाहताना मला रडू आवरलं नाही.

फसवणुकीचा मुद्दा मात्र हलका समजू नका. फसवणुकीने मिळवलेला हुकूमनामा शून्य ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने चेंगलवराय नायडू प्रकरणात स्पष्ट केलंय. पण तडजोडीच्या हुकूमनाम्यावर वेगळा दावा चालत नाही (ऑर्डर २३ रूल ३-अ). ज्या कोर्टाने तो दिला तिथेच अर्ज करावा लागतो आणि फसवणूक कोणती, केव्हा, कशी, हे तपशिलाने मांडावं लागतं. माझ्या पूर्वीच्या पतीच्या अर्जात एकही तारीख नव्हती. तुम्ही खरंच काही सांगायचं राहिलं असेल, तर वकिलांना आजच सांगा, तारखेच्या दिवशी नको. त्या वेळचे मेसेज, ईमेल, शपथपत्रं काढून ठेवा.

दरखास्तीला १२ वर्षांची मुदत आहे, म्हणून थांबू मात्र नका. मधल्या काळात फ्लॅट तिसऱ्याला विकला गेला तर तुमचा त्रास दुप्पट होईल. विक्रीला मनाई मागा, सोसायटीला हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत देऊन पोच घ्या. लिस पेंडन्सची नोटीस (या मालमत्तेवर कोर्टात प्रकरण चालू आहे, अशी नोंद) नोंदवता येईल का तेही वकिलांना विचारा. महाराष्ट्रात त्यासाठी वेगळी तरतूद आहे.

मुद्रांक शुल्काचीही आधीच चौकशी करा. नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात ते २०० रुपये असतं, पण घटस्फोटानंतर ते नातं उरत नाही.

फ्लॅटवर कर्ज आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर मसुदा देण्याआधी बँकेला भेटा.