तोंकोत्सू की तोंकात्सू?

प्रश्न असा: फुकुओकातल्या एका चिंचोळ्या रामेनच्या दुकानात 'टोंकोत्सु' मागितलं, तर तळलेलं कटलेट न येता दुधाळ रश्शातल्या शेवया आल्या. हा शब्द नेमका कुठला, आणि मराठीत लिहायचा कसा?

शब्द दोन आहेत. हिरागानात, म्हणजे जपानी उच्चारलिपीत, लिहिले तरी चारांतलं एकच अक्षर बदलतं, त्यामुळे गोंधळ होणारच. 'तोन' म्हणजे डुक्कर, ते दोन्हींत समान. 'कोत्सू' म्हणजे हाड. 'कात्सू' मात्र चक्क आपलं कटलेटच! त्या इंग्रजी शब्दाचं जपानीत 'कात्सुरेत्सु' झालं, मग शेपूट गळून 'कात्सू' उरलं.

गंमत म्हणजे रोजच्या जपानीत डुकराला 'बुता' आणि हाडाला 'होने' म्हणतात. 'तोन' आणि 'कोत्सू' हे त्याच चित्रलिपी-अक्षरांचे चिनी वळणाचे उच्चार, ते जोडशब्दांत येतात. आपणही हाड मोडलं म्हणतो, पण दवाखान्याच्या कागदावर अस्थिभंग लिहितो. त्या चालीवर हे 'वराहास्थी रामेन' झालं. मेन्यूवर कृपया कोणी लिहू नये.

नाव मांसाचं नसून हाडांचं, हे बरोबरच आहे. हाडं तासन्‌तास मोठ्या आचेवर खळखळ उकळतात, तेव्हा चरबी आणि जिलेटिन पाण्यात घुसळून निघतात आणि रस्सा पांढरा होतो. मंद आचेवर तो बराच नितळ राहतो. या रामेनचा उगम फुकुओका प्रांतातल्याच कुरुमे गावी, १९३७ सालच्या एका गाड्यावर सांगतात. नाव मात्र फुकुओका शहरातल्या हाकाता भागाचं गाजलं. दक्षिणेकडच्या कागोशिमात सावध राहा: तिथे नुसतं 'तोंकोत्सू' म्हटलं तर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा), शोचू (जपानी दारू) आणि काळी साखर घालून शिजवलेल्या बरगड्या येतील.

आता लेखन. 'टों' नको, जपानी त आपल्या त-च्या जवळचा आहे. अनुस्वार उत्तम, क-आधी तो आपोआप ङ होतो. शेवटचा 'त्सू' हा एकच ध्वनी, 'चूल'मधल्या च-सारखा. उच्चाराला 'तोंकोचू' जवळचं. पण वाचणारा 'चिंच'मधला च म्हणेल, म्हणून 'तोंकोत्सू' बरं. जपानीत शेवटचा उ ऱ्हस्वच आहे, तरी मराठी लेखनाच्या रिवाजाने दीर्घ.

आणि शेवया संपून रस्सा उरला, तर 'काएदामा' म्हणा. त्याच वाडग्यात नव्या शेवया घालून देतात. कडक हव्या असतील तर पुढे 'काता' जोडा.