पीएचडी करता करता स्टॅट्स शिकवायला घेतोयस, तर

पहिल्याच लेक्चरला सूत्रांनी फळा भरू नकोस. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम्बने 1973 मध्ये दिलेले चार डेटासेट दे. प्रत्येकात 11 बिंदू, एक्सची सरासरी 9, वायची साधारण 7.5, सहसंबंध (दोन्ही किती सरळ रेषेत सोबत बदलतात, ते) जवळपास 0.816. मग आलेख काढायला लाव. एकात ठीकठाक रेषा, एकात वक्र, आणि एकात एकटाच आगाऊ बिंदू सगळा सहसंबंध उभा करतो. पोरं तिथं जागी होतात.

प्रोजेक्टचं म्हणशील, तर खरी गडबड डेटा यायच्या आधीच होते. गूगल फॉर्म वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आणि शीर्षक असतं 'पुण्यातील तरुणाई'! हडपसरच्या कंपनीत शिफ्ट करणारा पोरगा त्यात कुठे आहे, हे फॉर्म पाठवण्याआधी विचार. पी-व्हॅल्यू 0.05 च्या खाली आली म्हणजे आपलं म्हणणं सिद्ध झालं, असं कुणी म्हणालं की लगेच थांबव. शून्य परिकल्पना, म्हणजे 'फरक किंवा संबंध नाहीच' हे गृहीतक, खरी धरली, तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची ती शक्यता, बस.

आर हे स्टॅट्सचं सॉफ्टवेअर वापरायला लावलंस, की रात्री अकराला 'सर, आर चालत नाहीये' असा मेसेज येईल. कोड लिहून देऊ नकोस (मोह होतोच). दुसऱ्या दिवशी शेजारी बसवून एरर मोठ्यानं वाचायला लाव. आणि शिकवायचे दिवस गाईडच्या कानावर आत्ताच घालून ठेव.