खर्ज घुमतो, पण बोट ऐकू येत नाही

प्रश्न : कानबाईच्या (खानदेशातल्या देवीच्या) चार अहिराणी गाण्यांना ढोलकीच्या जोडीला डबल बास (ई, ए, डी, जी अशा चार तारांचं मोठं खर्ज वाद्य) घेतला आहे. रेकॉर्डिंग घरातल्या १० बाय १२ फुटांच्या खोलीत, एकाच माइकवर झालं. काही सूर घुमतात, काही गायब होतात. ८० हर्ट्झला ५ डीबी वाढवले, कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणारा) ८:१ वर ठेवला, तर बास नुसता ठप् ठप् वाजतो. आधी ईक्यू (ठरावीक हर्ट्झचा आवाज कमीजास्त करणारा) लावायचा की कॉम्प्रेसर? (धुळे)

उत्तर : ८० हर्ट्झची वाढ आधी काढून टाका. मग घुमणारा सूर नेमका कोणता, ते शोधा. बहुधा तो मोकळ्या ए तारेचा निघेल. ही तार ५५ हर्ट्झला बोलते आणि दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींत ५६ हर्ट्झच्या आसपासची लाट अडकते. तो सूर छेडला की खोलीही त्याच्याबरोबर वाजते. बारा फुटांच्या बाजूचा हिशेब ४७ वर येतो, म्हणजे ई तारेवरचा एफ शार्प. माइक भिंतीला लागून असेल तर हे सूर फुगतात, खोलीच्या मध्यावर असेल तर तेच पोकळ होतात.

मिक्सिंगही त्याच खोलीत करत असाल तर फसगत होते. म्हणून चांगला हेडफोन लावून ऐका. तिथेही ए घुमत असेल तर दोष ट्रॅकमध्ये आहे. फक्त स्पीकरवर घुमत असेल तर ईक्यूला हात लावू नका, स्पीकर आणि खुर्चीची जागा बदला.

दोष ट्रॅकमध्ये असेल तर ५५ च्या आसपास अरुंद कट घ्या : क्यू (कट किती अरुंद, त्याचा आकडा) ४ ते ६, आणि ४ ते ६ डीबी खोल. डायनॅमिक ईक्यू असेल तर उत्तम, तो सूर फुगेल तेवढ्यापुरताच दाबला जातो. ३० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचं सगळं गाळणारा फिल्टर) लावा. ई तार ४१ हर्ट्झची आहे, त्यामुळे त्याखालचं काही गमवायचं नाही. २०० ते ३०० मध्ये डबा वाजल्यासारखं वाटलं तर २-३ डीबी कमी करा. ढोलकीच्या खर्जाच्या पुडीलाही त्यातून थोडी मोकळीक मिळते.

हे सगळे कट कॉम्प्रेसरच्या आधी. का, तर कॉम्प्रेसर सगळ्यात मोठ्या आवाजामागे धावतो. ए फुगलेला असेल तर तो त्याच सुरावर जोरात आवळेल, बाकीचे सूर तसेच राहतील आणि बास लंगडत चालल्यासारखा वाटेल. त्याही आधी एक कंटाळवाणं काम करा : वेव्हफॉर्म पाहत, ऐकत, उठून दिसणारे सूर हाताने २-३ डीबी वरखाली करा. वीस मिनिटांचं हे काम कोणत्याही प्लगइनपेक्षा जास्त देतं.

आता ठप् ठप्. ४१ हर्ट्झचं एक आवर्तन २४ मिलिसेकंदांचं असतं. अटॅक (कॉम्प्रेसर आवळायला लागणारा वेळ) २-३ मिलिसेकंदांवर असेल तर तार बोटातून सुटतानाचा पहिला घाव कापला जातो. रिलीजही (पकड सोडायला लागणारा वेळ) फार जलद असेल तर कॉम्प्रेसर एकेका आवर्तनाच्या आत उघडझाप करतो आणि आवाज खरखरतो. रेशो (दाबण्याचं प्रमाण) ३:१, रिलीज १५० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा. थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर दाबणं सुरू होतं ती) एवढाच उतरवा, की मोठ्या सुरांना, आवाज किती दाबला ते दाखवणारा काटा ४-५ डीबी हलेल. अटॅक सगळ्यात जलद ठेवून सुरुवात करा आणि हळूहळू सैल करत जा. बोटाचा ‘टक्’ परत ऐकू आला की थांबा, साधारण २५ ते ३५ वर तो येतो. दुसरा सूर सुरू होण्याआधी काटा शून्याकडे परतला पाहिजे.

वाढवायचं ते कॉम्प्रेसरनंतर. गाणी बहुतेक जण मोबाइलवर ऐकणार आणि त्या स्पीकरमधून ५५ हर्ट्झ निघतच नाही. कान ते वरच्या स्वनांवरून ओळखतो, म्हणून ७०० ते ९०० मध्ये २ डीबी द्या, हवं तर हलकं सॅच्युरेशनही (वरचे स्वन वाढवणारा इफेक्ट). हा निर्णय बास सोलो करून (एकटाच ऐकून) घेऊ नका, ढोलकी आणि गळा चालू ठेवूनच घ्या.

प्रश्न : बासला पिकअप (वाद्यालाच चिकटवलेला, कंपनं टिपणारा सेन्सर) आणि माइक दोन्ही लावले. वेगवेगळे ऐकले तर बरे वाटतात, एकत्र केले की खर्जच जातो. (जळगाव)

उत्तर : आधी एका ट्रॅकची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटवून पाहा, ज्या बाजूला खर्ज जास्त भरतो ती ठेवा. मग वेळ जुळवा. माइक ३० सेंटिमीटरवर असेल तर त्याचा आवाज सुमारे ०.९ मिलिसेकंद उशिरा येतो, म्हणजे ४८ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये ४२ सॅम्पल. पिकअपचा ट्रॅक तेवढाच उशिरा सुरू होईल असा सरकवा. मुख्य माइक धरा, पिकअप ६ ते १० डीबी खाली. पिझो पिकअपचा चिरका, प्लास्टिकसारखा आवाज १.५ ते २.५ किलोहर्ट्झमध्ये बसतो, तिथे ३-४ डीबी काढा.

प्रश्न : मे महिन्यात कूलर बंद करणं जमलं नाही. ट्रॅकमध्ये ५० हर्ट्झची गुणगुण आहे. नॉच (एकाच जागी खोल, अरुंद कट) लावू का? (भुसावळ)

उत्तर : ई तारेवरचा खालचा जी ४९ हर्ट्झचा आहे आणि मोकळी जी तार ९८ ची. ५० आणि १०० ला नॉच लावलात तर दोन्ही सूर जखमी होतील. बास थांबतो त्या जागा कापून कडांना फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) द्या. वाजत असताना गुणगुण बरीचशी झाकली जाते. मात्र कॉम्प्रेसर तिला वर ओढतो, म्हणून ही साफसफाई त्याच्या आधी. पुढच्या वेळी कूलरने खोली गार करून घ्या आणि टेकपुरता (एकेका रेकॉर्डिंगपुरता) तो बंद ठेवा.