मुलांना हायकू शिकवताना 5-7-5 अक्षरं मोजायला लावावीत का?

तुमची मुलगी चौथीत आहे आणि अक्षरं मोजतामोजताच कंटाळते, असं तुम्ही लिहिलंय. हायकू म्हणजे तीन ओळींची छोटी जपानी कविता, ओळींचं माप 5, 7 आणि 5. पण ही मोजणी तूर्त राहू द्या.

आम्ही जपानमध्ये योकोहामात राहतो, मुलगा इथल्याच प्राथमिक शाळेत जातो. इथल्या मुलांच्या कानात 5-7-5 आधीपासूनच असतं. रस्त्यावरच्या सुरक्षेची एक जुनी घोषणा आहे: तोबिदासुना, कुरुमावा क्यूनी, तोमारेनाइ. म्हणजे, एकदम धावत रस्त्यावर येऊ नका, गाडी चटकन थांबू शकत नाही. तीसुद्धा 5-7-5! शिवाय इथे अक्षर मोजत नाहीत, उच्चाराचा ठोका मोजतात. 'तोक्यो' आपल्याला दोन अक्षरी. जपानी मूल बोटं मिटत म्हणतं तो-ओ-क्यो-ओ, चार. हा हिशेब मराठीवर लादला की मुलं रिकामी जागा भरायला 'छान', 'खूप', 'सुंदर' कोंबतात. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, त्यांचेही बरेच हायकू या मापात बसत नाहीत.

त्यापेक्षा तिला दोन गोष्टी शेजारी ठेवायला शिकवा. जपानी हायकू-कवी बाशोची 1686 ची बेडकाची कविता वाचून दाखवा. जुनं तळं, आणि तिथे कवी थांबतो. त्या थांबण्यासाठी जपानीत खास शब्द असतात, इथे तो 'या' आहे. मग बेडकाची उडी, पाण्याचा आवाज. किती शांत होतं, हे बाशो कुठेच सांगत नाही. मुलांना नेमकं हेच अवघड जातं, म्हणून सगळा वेळ इथे द्या.

हायकूत ऋतू सांगणारा शब्दही असतो. जपानी कवितेत बेडूक म्हणजे वसंत. आपल्याकडे बेडूक म्हटलं की पाऊस! तेव्हा अशा शब्दांची जपानी यादी पाठ करून घेऊ नका. कैरी, पहिली सर, शेकोटी, असे तिचे शब्द तिलाच जमवू द्या.

माझ्या मुलानं मराठीत पहिल्यांदा लिहिलं, 'पाऊस आला, मला आनंद झाला'. मी विचारलं, घरी आल्यावर काय दिसलं? म्हणाला, छत्री. मग बराच वेळ गप्प बसला आणि लिहिलं:

छत्री मिटली
दारात अजूनही
तिचंच तळं

आधी 'अजून' होतं. वाचताना त्यालाच काहीतरी तोकडं वाटलं, तेव्हा त्यानं बोटांवर मोजलं आणि 'ही' जोडला.