सहा महिने गृहीत धरू नका, आय-९४ वरची तारीख पाहा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई-बाबा बी-२ (पर्यटक) व्हिसावर चौथ्यांदा अमेरिकेला तुमच्याकडे येताहेत, मागच्या तिन्ही खेपांना जवळजवळ सहा-सहा महिने राहिले, आणि गेल्या वेळी विमानतळावरचा अधिकारी "तुम्ही इथेच राहता असं दिसतंय" म्हणाला. आता जूनमध्ये तो काय विचारेल आणि त्यांनी काय सांगावं, ही तुमची काळजी. त्यावर खाली लिहितो. पण तुम्ही अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय की बाबांचा पासपोर्ट ऑक्टोबरमध्ये संपतोय आणि तो "इकडेच रिन्यू करून घेऊ". मला त्या वाक्याची जास्त भीती वाटते. हेच वाक्य २०१८ साली आमच्या घरात बोललं गेलं होतं.

आम्ही दोघं ५ जून २०१८ ला उतरलो. तिसरी खेप होती. माझा पासपोर्ट ९ नोव्हेंबरपर्यंत होता, हिचा २०२२ पर्यंत. व्हिसा दोघांचाही दहा वर्षांचा, बरीच वर्षं शिल्लक असलेला. विमान कंपनीने अडवलं नाही. अधिकाऱ्याने दोन प्रश्न विचारले, बोटांचे ठसे घेतले, शिक्का मारला आणि शिक्क्याखाली पेनाने तारीख लिहिली. हिच्या पासपोर्टवर ४ डिसेंबर, माझ्यावर ९ नोव्हेंबर. मी ती वाचली नाही. आधीच्या दोन्ही वेळा सहा महिने मिळाले होते, या वेळीही तेच असणार असं धरून पासपोर्ट खिशात टाकला आणि बॅगांच्या पट्ट्याकडे गेलो.

हे असं का होतं ते समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो. व्हिसा हा फक्त दारापर्यंत येण्याचा परवाना असतो. आत किती दिवस राहायचं ते अधिकारी त्या दिवशी ठरवतो आणि ते आय-९४ या नोंदीत जातं. बी-२ वर साधारण सहा महिने मिळतात, पण तेवढा काळ पासपोर्ट वैध असेल तर. अमेरिकेचा सर्वसाधारण नियम असा की मुक्कामाच्या पुढे आणखी सहा महिने पासपोर्ट वैध हवा. भारतासकट बऱ्याच देशांना यातून सूट आहे. ही सूटच फसवी ठरते. तिच्यामुळे थोडेच महिने उरलेल्या पासपोर्टवरही आत घेतात, विमानातही कोणी हरकत घेत नाही, आणि मुक्काम मात्र पासपोर्ट संपतो त्या तारखेला तोडला जातो. तुमच्या बाबांच्या बाबतीत ती तारीख ऑक्टोबरमधली असेल, आईची डिसेंबरमधली. दोघं एकाच खिडकीवर शेजारी उभे असूनही.

सप्टेंबरमध्ये मी तिकडूनच पासपोर्टचा अर्ज केला, ऑक्टोबरच्या सुरुवातीला नवा हातात आला. तेव्हा मनात शंका आली होती, हे मी आजही विसरलेलो नाही. आमची तिकिटं, विमा, व्हिसाचे फॉर्म सगळं ज्या सल्लागार कचेरीतून व्हायचं, तिथे मी मुद्दाम फोन केला. विचारलं, पासपोर्ट बदललाय, आता आणखी काही करावं लागतं का? उत्तर मिळालं, "काही नाही काका, जुना-नवा दोन्ही जवळ ठेवा, व्हिसा चालतो." हे उत्तर व्हिसापुरतं खरं आहे. जुन्या पासपोर्टातला व्हिसा नव्या पासपोर्टसोबत चालतो. पण नवा पासपोर्ट आला म्हणून आय-९४ ची तारीख आपोआप पुढे सरकत नाही. "तुमच्या आय-९४ वर कोणती तारीख आहे?" एवढा एकच प्रश्न त्यांनी उलट विचारला असता तर महिनाभर हातात होता. त्यांनी विचारला नाही, आणि मी समाधानाने फोन ठेवला.

२ डिसेंबरला, मुदतीच्या दोन दिवस आधी निघतोय असं समजून, मी निघालो. प्रत्यक्षात २३ दिवस जास्त राहिलो होतो. आपल्याकडे बाहेर पडतानाही इमिग्रेशनची खिडकी असते, अमेरिकेत तशी नसते. विमान कंपनी प्रवाशांची यादी पाठवते आणि तिच्यावरून तुमच्या बाहेर पडण्याची नोंद होते. त्यामुळे चूक झाली हे सांगणारं कोणी समोर येतच नाही. ती पुढच्या खेपेपर्यंत तुमच्या नावावर पडून राहते.

पुढची खेप २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये. मुलीचे दिवस भरत आले होते. खिडकीवरच्या अधिकाऱ्याने स्क्रीन पाहिली, हिला बाजूला उभं राहायला सांगितलं आणि मला आतल्या खोलीत नेलं. तिथे फोन वापरता येत नाही. चार तासांनी एकाने शांतपणे समजावलं की तुम्ही मुदतीपेक्षा जास्त राहिलात त्याच दिवशी हा व्हिसा कायद्याने रद्द झाला, आज तुमच्याकडे व्हिसाच नाही. प्रवेशाचा अर्ज स्वतःहून मागे घ्या, नाहीतर आम्हाला परत पाठवण्याचा हुकूम काढावा लागेल, आणि त्यासोबत पाच वर्षांची बंदी येते. मी अर्ज मागे घेतला. त्या माणसाबद्दल माझी तक्रार नाही. त्याने मुलीला फोन लावून दिला, पाणी आणून दिलं. हिची कागदपत्रं स्वच्छ होती, म्हणून तिला आत जायला मोकळीक होती. इंग्रजी तिला बेताचं येतं, एकटीने कधी प्रवास केलेला नाही. तरी मुलीसाठी ती पुढे गेली आणि मी दुसऱ्या दिवशीच्या विमानाने परत आलो.

परत आल्यावर त्या कचेरीत गेलो. "आम्ही फक्त फॉर्म भरून देतो, तिथले नियम आम्ही कसे सांगणार?" असं ऐकवलं. मग फोनवर सांगितलं कशाला? "माहीत नाही" म्हणाले असते तर मी दुसरीकडे विचारलं असतं. त्यांनी दर वेळी पैसे घेतले ते जाणकार म्हणून, आणि जबाबदारीची वेळ आली तेव्हा टायपिस्ट झाले. हे लिहितानाही मला राग येतो, क्षमा करा. पण अशा कचेऱ्या गावोगाव आहेत आणि आपल्या वयाची माणसं त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात.

यावर हमखास ऐकू येणारं एक वाक्य म्हणजे "१८० दिवसांच्या आत असेल तर काही होत नाही". ते अर्धवट आहे. मुदतीनंतर १८० दिवसांहून जास्त राहून मग देश सोडला तर तीन वर्षांची प्रवेशबंदी, एक वर्ष किंवा जास्त राहिलं तर दहा वर्षांची. त्याखाली बंदी नाही, हे खरं. पण व्हिसा रद्द व्हायला एक दिवसही पुरतो, आणि नवा मग आपल्या देशात येऊनच मागावा लागतो. माझ्या बाबतीत पुढे कोविड आला, वकिलाती बंद राहिल्या, उघडल्या तेव्हा मुंबईतली मुलाखतीची रांग दीड वर्षाहून लांब गेलेली. डीएस-१६० या व्हिसा-अर्जाच्या फॉर्ममध्ये प्रवेशाचा अर्ज कधी मागे घेतलाय का, असा प्रश्न असतो. तिथे "हो" लिहून सगळं जसं घडलं तसं सांगितलं. २०२३ मध्ये व्हिसा मिळाला. नातीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती आणि मला ओळखत नव्हती.

तेव्हा बाबांचा पासपोर्ट भारतातच, निघण्याआधी बदलून घ्या. मुदत संपायला वर्षापेक्षा कमी उरलं असेल तर अर्ज करता येतो, गरज पडली तर तत्काळ आहे. काही कारणाने जमलंच नाही, तर नवा पासपोर्ट आल्या आल्या, जुन्या आय-९४ ची तारीख उलटायच्या आत हालचाल करा. जवळच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयात (प्रवेशाच्या नोंदी नंतर तपासणारं इमिग्रेशनचं कार्यालय) विचारता येतं, पण ते मुख्यतः नोंदीतल्या चुका दुरुस्त करतात आणि पासपोर्टमुळे तोडलेली तारीख ही त्यांच्या दृष्टीने चूक नसते. तिथे नाही म्हणाले तर मुदतवाढीचा आय-५३९ अर्ज उरतो. तोही तारखेच्या आधीच, शक्यतो ४५ दिवस आधी.

आणि उतरल्या रात्रीच आय-९४ च्या सरकारी वेबसाइटवर दोघांची नोंद वेगवेगळी उघडून पाहा. आता बहुतेक वेळा पासपोर्टवर शिक्काही मारत नाहीत, म्हणजे माझ्या वेळी निदान समोर होती ती तारीखही तुमच्या समोर नसेल. नाव, पासपोर्ट क्रमांक, बी-२ हा वर्ग आणि शेवटची तारीख, चारही तपासा.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी वकील नाही, हे माझं मत आहे आणि ते थोडं कडक आहे. वर्षातून किती दिवस राहावं असा आकडा पर्यटक व्हिसाच्या कायद्यात नाही. अधिकारी एकच गोष्ट जोखत असतो, यांचं घर कुठे आहे. सहा महिने तिथे, चार महिने इथे, पुन्हा सहा महिने तिथे, हे पाहून त्याने "तुम्ही इथेच राहता" म्हणणं मला गैर वाटत नाही. जितकं तिथे राहिलात त्याहून जास्त काळ भारतात काढल्याशिवाय पुढचं तिकीट काढू नये, असं आम्ही ठरवलंय. आणि मिळालेले सहा महिने शेवटच्या आठवड्यापर्यंत वापरू नयेत. चार-साडेचार महिन्यांत परतलेला माणूस पाहुणा दिसतो. मागच्या खेपेला सूचना मिळाली असेल तर या वेळी जूनऐवजी सप्टेंबरमध्ये बोलावण्याचा विचार करा, आणि परतीची तारीख अशी निवडा की बाबा ती न अडखळता सांगू शकतील.

मुदतवाढ घेऊन सहाचे नऊ महिने करणं कायद्यात बसतं. तरी गंभीर आजारपणासारखं कारण नसेल तर मी ते करणार नाही. पुढच्या वेळी त्याचाच प्रश्न येतो.

"का आलात?" याला "नातवाला सांभाळायला" हे उत्तर आपल्याकडे कौतुकाचं आहे, तिथे त्याचा अर्थ बिनपगारी काम असा घेतला जाऊ शकतो आणि माणूस आतल्या खोलीत जातो. म्हणून खोटं बोला असं मी मुळीच म्हणत नाही. मुलीला, नातवंडांना भेटायला येत असतील तर तेवढंच सांगावं. पण पाळणाघराचे पैसे वाचावेत म्हणून खरोखरच आई-वडिलांना आलटून पालटून बोलवत असाल (तुम्ही असं लिहिलेलं नाही, पण पुष्कळजण करतात), तर ते थांबवा. अधिकारी फोनही तपासू शकतात, आणि घरच्या ग्रुपवर "डेकेअर बंद केलं, आई येतेय" असं लिहिलेलं असतं.

पेन्शनची कागदपत्रं, घराची करपावती, सातबारा असेल तर तो, एका पातळ फाइलमध्ये असू द्या, पण विचारल्याशिवाय पुढे करू नका. जूनमध्येच आले आणि बाबांना पेन्शन असेल तर नोव्हेंबरमधल्या हयातीच्या दाखल्यासाठी परत जायचंय, हे कारण खरंही आहे आणि पटणारंही. उत्तरं पाठ करून घेऊ नका. दोघांना वेगळं विचारलं आणि शब्दन् शब्द सारखा आला तर संशय वाढतो. आईला इंग्रजी जमत नसेल तर "मराठी" किंवा "हिंदी" एवढं म्हणावं, फोनवर दुभाषा जोडून देतात. अर्धवट समजून "येस" म्हणण्यापेक्षा तो उशीर बरा.

अबुधाबीमार्गे येणार असतील तर ही सगळी तपासणी तिथेच, अमेरिकेच्या विमानात बसण्याआधी होते. तिथे तुम्ही बाहेर वाट पाहत नसता, म्हणून तुमचा फोन नंबर आणि पत्ता कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. मधला थांबाही ऐसपैस ठेवा. आणि ताजा कढीपत्ता बॅगेत घालू देऊ नका. तो लिंबा-संत्र्याच्या कुळातला आहे, बागांच्या रोगामुळे त्याला मनाई आहे. खाण्याचं जे काही असेल ते विचारल्यावर सरळ सांगायचं, लपवलं तर दंड होतो.

जूनला अजून वेळ आहे. पासपोर्टची अपॉइंटमेंट याच आठवड्यात घ्या. जुना पासपोर्ट रद्द करताना कोपरा कापतात. व्हिसाचं पान शाबूत आहे ना, हे बाबांना खिडकीवरून हलण्याआधीच पाहून घ्यायला सांगा.